इंट्राओरल स्कॅन की लॅबमधील स्कॅन : आमच्या डॉक्टर ग्राहकांसाठी माहिती

नाशिक शहरातून, तसेच सिन्नर, निफाड आणि दिंडोरी भागातून आमच्या डेंटल लॅबकडे काम पाठवणारे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात : तोंडात थेट स्कॅन करणे अधिक अचूक, की सिलिकॉनचे इम्प्रेशन (दातांचा ठसा) पाठवून त्यावरून केलेले मॉडेल लॅबमध्ये स्कॅन करून घेणे?

उत्तर कामावर अवलंबून आहे. इंट्राओरल स्कॅनर लहान लहान प्रतिमा जोडत पुढे सरकतो आणि प्रत्येक जोडातील बारीक चूक साठत जाते. एका क्राउनला (दातावर बसणाऱ्या टोपीला) किंवा लहान ब्रिजला (गेलेल्या दाताची जागा भरणाऱ्या जोडकामाला) ती बाधत नाही. पूर्ण जबड्याच्या इम्प्लांट (हाडात बसवलेले कृत्रिम मूळ) कामात मात्र दोन टोकांमधील अंतर बदलू शकते. लॅबमधील स्कॅनरपुढे मॉडेल स्थिर असते, म्हणून लांब कामात त्याच्यावर आमचा भरवसा अधिक आहे. अर्थात इम्प्रेशन ओढले गेले असेल, तर ती चूकही तो जशीच्या तशी मोजतो. विक्रेता सांगतो तो अचूकतेचा मायक्रॉनमधील (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकडा एका दाताचा की पूर्ण जबड्याचा, हे खरेदीपूर्वी जरूर विचारावे.

तथापि आमच्याकडे कामे अडतात ती बहुधा अस्पष्ट मार्जिनमुळे, म्हणजे क्राउनची कड दाताला जिथे मिळते ती रेषा नीट न दिसल्यामुळे. प्रकाश पोहोचतो तेवढेच स्कॅनरला दिसते. हिरडी मार्जिनवर आलेली असेल, लाळेचा किंवा रक्ताचा पातळ थर असेल, तर सॉफ्टवेअर ती जागा गुळगुळीत भरून टाकते आणि पडद्यावर सर्व ठीक भासते. मोठे करून पाहिल्यावर शोल्डरची (दात तासून केलेल्या पायरीची) धारदार कड गोलसर होऊन हिरडीत मिसळलेली आढळते. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली स्वीकारार्ह मानलेली क्राउन आणि दात यांमधील फट १२० मायक्रॉनपर्यंतची होती, आणि अंदाजाने आखलेली रेषा ही सवलत सहज संपवते. म्हणूनच अशी फाइल आली की आम्ही मिलिंग (यंत्राने क्राउन कोरणे) थांबवून फोन करतो. काही डॉक्टरांना हा उशीर वाटतो, पण न बसणाऱ्या झिर्कोनिया क्राउनपायी रुग्णाला पुन्हा भूल देऊन दात पुन्हा उघडावा लागतो, त्यापेक्षा तो फोन बरा.

कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) काढल्यावर रक्तस्राव थांबल्याची खात्री करून, दात हवेने सुकवून, तयार केलेला दात लगेच स्कॅन करावा. नंतर रंग बंद करून मार्जिन सर्व बाजूंनी मोठे करून पाहावे, कारण रंगीत चित्रात पृष्ठभागाचे दोष लपतात. आम्हाला मात्र एसटीएल या फक्त आकार साठवणाऱ्या फाइलसोबत रंगही साठवणारी पीएलवाय फाइलही पाठवावी. दात कुठे संपतो आणि हिरडी कुठे सुरू होते, हे आमच्या तंत्रज्ञाला रंगावरून ओळखता येते.

मार्जिन हिरडीखाली खोल असेल, तर आम्ही आजही सिलिकॉनच सुचवतो, कारण कॉर्डने उघडलेल्या जागेत लाइट बॉडी (पातळ सिलिकॉन) दाबाने उतरते, तेथे प्रकाश पोहोचेलच असे नाही. असे इम्प्रेशन आमचा माणूस क्लिनिकमधून घेऊन जातो आणि मॉडेलच्या स्कॅनचे वेगळे शुल्क आम्ही आकारत नाही. तोंडातील स्कॅन पाठवायचा असल्यास रुग्ण खुर्चीत असतानाच पाठवावा. लॅबच्या वेळेत आम्ही तो तेव्हाच तपासून कळवतो, म्हणजे काही राहिले असल्यास तेवढाच भाग पुन्हा स्कॅन करता येतो.