बोट दाखवून पुकारणे (औद्योगिक सुरक्षा)

कामातली धोक्याची पायरी उचलण्यापूर्वी संबंधित वस्तूकडे बोट दाखवून तिची स्थिती मोठ्याने बोलण्याची पद्धत. सवयीच्या कामात हात चालत राहतात आणि लक्ष मात्र भलतीकडे असते. डोळा, हात आणि आवाज एकाच जागी आणून ही फारकत मोडणे, हा तिचा हेतू. जपानी रेल्वे व कारखान्यांत ती रूढ आहे.

उगम : मूळ जपानी रेल्वेत, याबाबत दुमत नाही, तपशिलाबाबत आहे. प्रचलित कथा अशी की, मेइजी काळाच्या (१८६८–१९१२) अखेरीस कोबे विभागातील यासोइची होरी या इंजिनचालकाची दृष्टी अधू होत चालल्याने तो प्रत्येक सिग्नल फायरमनला (इंजिनात कोळसा टाकणाऱ्या सहायकाला) पुन्हा पुन्हा सांगे, आणि अधिकाऱ्यांनी ती सवय उचलून धरली. दुसऱ्या मते चालक-फायरमन यांच्यातील पुकार आणि प्रतिसाद आधीपासून कामाच्या ओघातच घडला असावा. १९१३ च्या सुमाराच्या नियमपुस्तिकेत भर पुकार-प्रतिसादावर दिसतो. त्यामुळे बोटाची जोड नंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारखान्यांतील प्रसाराला १९७३ मध्ये सुरू झालेल्या शून्य-अपघात मोहिमेने बळ दिले. जपानच्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या १९९४ मधील बटण दाबण्याच्या प्रयोगात काहीच न करता होणाऱ्या चुकांचे २.३८ टक्के प्रमाण बोट दाखवून पुकारल्यावर ०.३८ वर आले. हा आकडा सर्रास उद्धृत होतो; पण तो प्रयोगशाळेतला आहे, प्रेस शॉपला (पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागाला) जसाच्या तसा लावू नये.

नाशिक परिसर : भारतीय रेल्वेच्या १९७६ च्या सर्वसाधारण नियमांनुसार सिग्नल दिसताच चालक व सहायकाने तो ओळखून एकमेकांना पुकारायचा असतो. कसारा–इगतपुरी थळ घाटात (चढ ३७ ला १) बोगदे आणि पावसाळी धुके यांमुळे सिग्नल उशिरा दिसतो, तेव्हा या नियमाचे मोल कळते. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत पद्धतीचा खरा उपयोग पॉवर प्रेसवर (पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर) डाय म्हणजे साचा बदलताना आहे. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (यंत्राचे जड चाक) काही वेळ फिरत राहते. तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर क्लच लागून (चाकाची गती जोडली जाऊन) रॅम, म्हणजे दाब देणारा वरचा भाग, खाली येतो. म्हणून सेटरने (डाय बसवणाऱ्या कामगाराने) क्रमाने पुकारावे : ‘मेन स्विच बंद, कुलूप लावले’, ‘फ्लायव्हील थांबले’, ‘पेडल झाकले’, ‘रॅमखाली ठोकळा बसला’. प्रत्येक वेळी नजर वस्तूवर, उजवा हात सरळ, तर्जनी पुढे. मग हात कानाशी नेऊन क्षणभर विचार, आणि खाली झटकताना ‘बरोबर!’. ठोकळा रॅमचे वजन तोलण्यापुरता असतो. चालू प्रेसचा झटका तो पेलत नाही, म्हणून त्याची पाळी शेवटी.

बिघाड : पुकार पाठांतर झाली की बोट स्विचकडे आणि नजर जॉबकडे (घडवायच्या तुकड्याकडे) राहते, कधी वाक्य बघण्याआधीच निघते. पुकारायच्या जागा वाढवल्या तर हे लवकर होते, चार-पाच पुरेत. मध्येच फोन किंवा सुपरवायझरची हाक आली तर सोडलेल्या पायरीपासून नव्हे, पहिलीपासून सुरुवात करावी, कारण दरम्यान दुसऱ्याने कुलूप काढलेले असू शकते. शॉपच्या आवाजात पुकार ऐकू येत नसेल तर हेल्परने समोर उभे राहून मान हलवून प्रतिसाद द्यावा. पुकार ही जाळी-गार्डच्या जोडीने वापरायची, त्यांच्याऐवजी नव्हे. धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालणे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार बंधनकारकच होते; २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली.