झाकलेले पुस्तक आणि अभ्यासाचा अंदाज

मुलांनी आपल्या अभ्यासाची जबाबदारी स्वतः घ्यावी, हे वाक्य पालकसभांमध्ये वारंवार ऐकू येते. अपेक्षा रास्त आहे. परंतु ही जबाबदारी पेलायची तर आपले काय पक्के झाले आणि काय कच्चे राहिले, हे विद्यार्थ्याला स्वतःला कळावे लागते, आणि नेमके तिथेच मन फसवते.

मानसशास्त्रज्ञ हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचा उत्तम पुरावा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा, सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात साडेतीनच्या आसपास वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांविरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४० टक्केच मजकूर आठवला, आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. तरीही आठवड्यानंतर आपल्याला जास्त आठवेल, असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

हा विश्वास येतो कुठून, हा या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. स्मरणशक्तीच्या आत डोकावून साठा मोजण्याची सोय मनाकडे नाही. त्यामुळे ते एखादी गोष्ट किती सहज समोर येते यावरून ती किती पक्की आहे हे ठरवते. नुकतेच वाचलेले वाक्य अल्पकालीन स्मृतीत ताजेच असल्याने सहज समोर येते, आणि त्या ताजेपणालाच आपण पाठांतर समजतो. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये शब्दांच्या जोड्या पाठ करायला देऊन हेच तपासले. ‘ही जोडी नंतर आठवेल का?’ हा प्रश्न लगेच विचारला तर अंदाज बरेच चुकत. मध्ये दुसऱ्या जोड्या जाऊ देऊन, जोडीतला पहिलाच शब्द दाखवून विचारला, तर ते कितीतरी अचूक येत. मधल्या वेळात अल्पकालीन स्मृती रिकामी होते, त्यामुळे अंदाज बांधण्यासाठी दीर्घकालीन स्मृतीतूनच उत्तर शोधावे लागते, म्हणजे पुढे परीक्षेत जे करायचे तेच आधी करावे लागते.

पुस्तक झाकून स्वतःला तपासण्याच्या या साध्या उपायाऐवजी बोटांच्या ठशांवरून मुलाची शिकण्याची पद्धत सांगणाऱ्या चाचण्यांवर पालक पैसे खर्च करतात, याचे वाईट वाटते. ठशांच्या रेषा जन्मापूर्वीच ठरतात. त्यांवरून बुद्धी किंवा कल ओळखता येतो, याला शास्त्रीय आधार नाही.

वर्गात करायचे ते साधे आहे. आदल्या दिवशीच्या धड्यावर तासाच्या सुरुवातीला पुस्तक मिटून पाच मिनिटे लिहायचे, प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री आहे’ किंवा ‘शंका आहे’ अशी खूण करायची आणि मग पुस्तक उघडून विद्यार्थ्याने स्वतःच तपासायचे. घरी काय पुन्हा वाचायचे, हे त्या खुणांवरून त्यानेच ठरवायचे. याचे गुण धरू नयेत, कारण गुण आले की मुले शंका लपवू लागतात. खात्रीने लिहिलेले उत्तर चुकले, तर शिक्षकांनी निराश होऊ नये. बरोबर उत्तर लगेच कळल्यास अशाच चुका शंकेने केलेल्या चुकांपेक्षा जास्त सहज सुधारतात, असे ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांना २००१ मध्ये आढळले आहे.