नॉरफोकची रेल्वे नेमकी कधी गेली?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोकमध्ये आजही मोटरवे नाही. नॉरिच हे एकच मोठे शहर. किंग्ज लिन आणि ग्रेट यारमथ ही दोन बंदरे एकमेकांकडे पाठ करून दोन टोकांना, आणि मधे शेते, दलदल व लहान गावे. तिथे वाहतुकीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, ‘1963 च्या अहवालाने आमची रेल्वे घालवली.’ हा अहवाल म्हणजे न परवडणारे रेल्वेमार्ग बंद करण्याची शिफारस करणारा, रिचर्ड बीचिंग यांचा. या वाक्याची शहानिशा करायची तर आधी थोडे मागे जावे लागते.

फार मागे नव्हे. रोमनांचा सरळ रस्ता आणि मध्ययुगात हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या लोकांनी गजबजलेले लिन यांचे आजच्या जाळ्याशी नाते पुसट आहे. रेल्वेपूर्वी खरी मालवाहतूक नद्यांवरून होई. एका मोठ्या काळ्या शिडावर चालणारी ‘व्हेरी’ ही मालबोट नॉरिच ते यारमथ कोळसा, धान्य, लाकूड नेई. त्या काळाची खूण म्हणजे रीडमची साखळीवर चालणारी फेरीबोट. नॉरिच आणि यारमथ यांच्या मधल्या पट्ट्यात मोटारीसह येअर नदी ओलांडायची तर अजूनही तिच्याशिवाय सोय नाही.

पहिली रेल्वे 1844 मध्ये धावली, नॉरिच ते यारमथ. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ याच रेल्वेत आहे, कारण मार्ग एकेरी होता. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून विजेच्या तारायंत्राचा आधार घेतला गेला. त्या काळी ही मोठीच आधुनिकता. पण 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री नॉरिचबाहेर थॉर्प इथे तारेच्या निरोपांत गफलत झाली, दोन गाड्या धडकल्या आणि 25 माणसे मेली. त्या अपघातानंतर टॅब्लेटची पद्धत आली. यंत्रातून एका वेळी एकच चकती निघणार, आणि ती हाती नसेल तर ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. आपल्याकडे एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला जे टोकन देत, ते याच कुळातले.

आता मुख्य भानगड. लंडनकडे जाणारे मार्ग एका कंपनीच्या ताब्यात होते. पश्चिमेकडून, म्हणजे मिडलंड्सच्या कारखानदार शहरांकडून येणारा मार्ग 1893 मध्ये मिडलंड आणि ग्रेट नॉर्दर्न या दोन बाहेरच्या कंपन्यांनी मिळून विकत घेतला. तो ‘संयुक्त’ मार्ग, लोकांच्या तोंडी ‘एम अँड जीएन’. आद्याक्षरांवरून गमतीने त्याला ‘मडल अँड गेट नोव्हेअर’, म्हणजे ‘गोंधळ घाला आणि कुठेच पोचू नका’, असेही म्हणत. लांबी सुमारे 180 मैल. ब्रिटनमध्ये इतका लांब संयुक्त मार्ग दुसरा नव्हता. ‘संयुक्त’ या शब्दाने अनेकांचा असा समज होतो की गावोगावच्या लोकांनी मिळून उभारलेली ही रेल्वे. प्रत्यक्षात मालक दूरचे होते आणि मार्ग त्यांच्या हिशेबात दुय्यम. मेल्टन कॉन्स्टेबल या खेड्यात मात्र त्याने कारखाना आणि कामगारांच्या चाळीवजा घरांच्या रांगा उभ्या केल्या. तिथून चार दिशांना गाड्या सुटत: लिन, नॉरिच, यारमथ, क्रोमर.

या मार्गाचा बराच भाग एकेरी होता. गाडी न थांबवता टॅब्लेट उचलणारे यंत्र इंजिनाला लावलेले असे, पण समोरून येणाऱ्या गाडीसाठी खोळंबा व्हायचाच. उन्हाळ्यातल्या शनिवारी लीसेस्टर आणि बर्मिंगहॅमकडून सुट्टीला निघालेल्यांच्या गाड्यांची रीघ लागे. हिवाळ्यात त्याच रुळांवर मोजके प्रवासी. 1936 मध्ये कारभार बड्या कंपनीकडे गेला आणि मेल्टनचा कारखाना बंद झाला. 1953 मध्ये यारमथजवळ ब्रेडनच्या पाणथळीवरचा मोठा पूल रहदारीतून काढला. तो उभारून जेमतेम पन्नास वर्षे झाली होती, पण त्याची देखभाल परवडेना.

मग 1958 मध्ये हा मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव आला. प्रवाशांच्या सल्लागार समितीपुढे तो गेला आणि टिकला. 28 फेब्रुवारी 1959, शनिवार: शेवटच्या प्रवासी गाड्या. लहान तुकडे सोडले तर सगळा मार्ग एका फटक्यात गेला. 1963 चा अहवाल तेव्हा चार वर्षे दूर होता आणि त्याचा लेखक रेल्वेत आलाही नव्हता.

बंदीच्या बाजूने मांडलेली कारणे पोकळ नव्हती. दोन मार्ग समांतर धावत होते आणि लिनजवळ ग्रेट ऊझ नदीवरच्या पुलाला महागडी दुरुस्ती हवी होती. शनिवारच्या गर्दीवर वर्षभराचा खर्च निघत नव्हता, हेही खरे. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. मार्ग अखंड एक आहे असे धरून हिशेब झाला. त्यातला कुठला भाग तगेल, हा प्रश्न गांभीर्याने पुढे आलाच नाही. याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. लेनवेडच्या काँक्रीट कारखान्याचा माल फार मोठ्या वळशाने न्यावा लागत होता, म्हणून 1960 मध्ये थेमलथॉर्प इथे लंडनवाल्या कंपनीचा जुना मार्ग आणि हा संयुक्त मार्ग जोडणारा नवा वक्र रूळमार्ग टाकावा लागला. बंदीनंतर वर्षभरात नवे रूळ! तो 1980 च्या दशकापर्यंत टिकला. आज त्यावरून ‘मॅरियट्स वे’ ही पायवाट जाते.

मग दोष 1963 च्या माथी का? कारण पुढची पडझड लगेचच आणि लोकांच्या डोळ्यांदेखत झाली. मेल्टन ते शेरिंगम आणि किनाऱ्यावरच्या वेल्स गावची शाखा 1964 मध्ये गेली, लिन ते डीरम 1968 मध्ये, हन्स्टन्टन 1969 मध्ये. या शेवटच्या मार्गावरून राजघराणे सँड्रिंगमला जाण्यासाठी वुल्फर्टनला उतरे. तोही वाचला नाही. ‘बीचिंग’ हे आडनाव रेल्वेबंदीचे दुसरे नावच झाले आणि आधीची कुऱ्हाडही त्याच्याच नावावर जमा झाली.

जे उरले त्यात जुन्या भांडणाच्या खुणा आहेत. नॉरिचहून शेरिंगमला जाणारी गाडी क्रोमरला थांबते, ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि गाडी उलटी निघते. कारण हा मार्ग दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या तुकड्यांचा बनला आहे, आणि वाचले ते स्थानक संयुक्त मार्गाचे. शेरिंगमला जुने स्थानक हौशी मंडळींच्या वाफेच्या रेल्वेकडे गेले, तर रोजच्या गाड्यांसाठी रस्त्याच्या अलीकडे छोटा फलाट झाला. मधल्या फाटकावरून दोन्हींचे रूळ 2010 मध्ये पुन्हा जोडले गेले, तेही अधूनमधूनच्या खास गाड्यांपुरते.

लंडनचा मार्ग 1987 मध्ये नॉरिचपर्यंत आणि 1992 मध्ये लिनपर्यंत विजेवर आला. रस्त्यांचे काम त्याहून रखडले. थेटफर्डच्या बाजूने लंडनकडे जाणारा ए11 अखेर डिसेंबर 2014 मध्ये सलग चौपदरी झाला. ए47 चा एकल ते यारमथ हा दलदलीतला सरळसोट पट्टा मात्र अजून दुपदरीच. तिथल्या चरांमध्ये राहणारी एक दुर्मीळ गोगलगाय रुंदीकरणाच्या चर्चेत दरवेळी येते.

ताजा वाद नॉरिचच्या वळण रस्त्याचा. उत्तरेकडून शहराला वळसा घालणारा सुमारे 20 किलोमीटरचा रस्ता 2018 मध्ये पूर्ण खुला झाला, पण पश्चिमेला ए47 ला न भिडताच थांबला, कारण मधे वेन्सम नदीचे संरक्षित खोरे आहे. अधिकृत नाव ‘वितरक रस्ता’ होते. गावकरी त्याला बाह्यवळण समजत होते. बाह्यवळण म्हटले की पुढचा जोड मिळणार असे गृहीत धरले जाते, ‘वितरक’ म्हटले की नाही. त्या जोडरस्त्याच्या आखणीत दुर्मीळ बार्बस्टेल वटवाघळांची वसाहत आडवी आली आणि जानेवारी 2025 मध्ये नियोजनाचा अर्ज मागे घेतला गेला. पश्चिमेच्या गावांतल्या अरुंद गल्ल्यांमधून मोटारी पूर्वीसारख्याच जात आहेत.