कॉफीचं फोलपट आणि तेलाचा डबा

शेंगदाणे भाजले की थोडे निवू द्यायचे, तळहातांनी चोळायचे आणि सुपात घेऊन पाखडायचे. लालसर सालं पुढे उडून जातात, दाणे मागे राहतात. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घरी कॉफी भाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की इथेही नेमकं हेच करायचं असतं. शेंगदाण्याचं साल मात्र आपण भाजून झाल्यावर काढतो आणि कॉफीचं साल भाजता भाजताच सुटतं, तेही दोनशे अंशांच्या वरच्या गरम हवेत. तिथे सूप धरता येत नाही. मग सुपाचं काम करणारं काहीतरी तयार करावं लागतं.

कॉफीचं फळ सोलत गेलं तर आधी लाल साल, मग गर, मग चिकट थर, मग कागदासारखं कडक टरफल आणि सगळ्यात आत दाण्याला बिलगलेला एक पातळ चंदेरी पापुद्रा लागतो. कडक टरफल गिरणीत निघतं, पापुद्रा बराचसा दाण्यावरच राहतो. भाजताना सुटणारं फोलपट ते हेच. चिकमगळूर किंवा कूर्गची कच्ची कॉफी घेताना पिशवीवर ‘प्लांटेशन’ किंवा ‘चेरी’ असं लिहिलेलं असतं. प्लांटेशन म्हणजे गर धुऊन काढून मग वाळवलेली अरेबिका (कॉफीची एक जात). चेरी म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. चेरीचं फोलपट बरंच जास्त निघतं. पहिल्यांदाच भाजणार असाल तर प्लांटेशनपासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगेन.

कच्च्या दाण्यात दहा ते बारा टक्के पाणी असतं. भाजताना आधी ते निघायला लागतं, हिरवट दाणा पिवळा होतो आणि ताज्या पावासारखा वास येतो. याच सुमाराला दाणा फुगू लागतो. पापुद्रा मात्र ताणला जात नाही; तो वाळून ठिसूळ झालेला असतो, त्यामुळे तडकतो आणि सुटतो. पुढे दोनशे अंशांच्या आसपास दाण्यातल्या वाफेचा आणि वायूचा दाब इतका वाढतो, की दाणे पॉपकॉर्नसारखे तडतडतात. पिवळेपणापासून या पहिल्या तडतडीपर्यंतच्या चार-पाच मिनिटांत बहुतेक सगळं फोलपट बाहेर पडतं. शंभर ग्रॅम कॉफीमागे वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम, पण आकारमान एवढं, की एक मोठा वाडगा शिगोशीग भरतो.

मी वापरते ते गरम हवेवर चालणारं पॉपकॉर्नचं मशीन. हवेच्या झोतावर दाणे तरंगवत भाजायची कल्पना अमेरिकेतले रासायनिक अभियंते मायकेल सिवेट्झ यांनी १९७० च्या दशकात कॉफीच्या व्यवसायात रुजवली. घरातलं पॉपकॉर्न मशीन हे त्याच तत्त्वाचं छोटं रूप. खालून पंखा हवा ढकलतो, तारेचं वेटोळं ती तापवतं आणि भांड्याच्या बुडाच्या फटींतून ती जोरात आत शिरते. दाणे गरगर फिरत राहतात, म्हणून सगळीकडून सारखे भाजले जातात. आणि फोलपट? ते थेट वर उडतं. पहिल्या दिवशी आमच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीत आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर तपकिरी पापुद्र्यांचा सडा पडला होता.

मी लगेच सुचला तो उपाय केला: मशीनच्या तोंडावर स्टीलची बारीक चाळणी ठेवली. फोलपट अडलं, पण दोन मिनिटांत दाण्यांचं फिरणं मंदावलं. वरचे दाणे अजून पिवळे, बुडाचे काळे ठिक्कर. चाळणीच्या खालच्या बाजूला फोलपटाची गोधडी बसली होती आणि हवेला वाटच उरली नव्हती.

इथे थोडा हिशेब मांडते, कारण सगळी मेख त्यातच आहे. माझ्या मशीनवर १२०० वॉट लिहिलंय, म्हणजे दर सेकंदाला १२०० ज्यूल उष्णता. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला साधारण एक ज्यूल लागतो. समजा, पंखा सेकंदाला सहा ग्रॅम हवा ढकलतो, म्हणजे सुमारे पाच लिटर. तर ती हवा २०० अंशांनी तापेल आणि खोलीचे २५ धरून २२५ अंशांवर दाण्यांना भेटेल. आता चाळणीमुळे हवेचा पाचवा हिस्सा अडला. वॉट तेवढेच राहिले, हवा ४.८ ग्रॅम झाली. ती २५० अंशांनी तापणार, म्हणजे २७५ वर जाणार! हवा जरा कमी झाली आणि तापमान पन्नास अंशांनी चढलं. शिवाय दाणे हलवणारा जोरही घटला. म्हणून दाणे करपतात, आणि कधीकधी मशीन फार तापलं की वीज तोडणारा फ्यूज कायमचा उडतो. फोलपट पकडणाऱ्या कुठल्याही जुगाडाची पहिली परीक्षा हीच: त्याने हवा अडवली का? फोलपट किती पकडलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

हवा न अडवता फोलपट वेगळं कसं करायचं, याचं उत्तर खळ्यावर आहे. उफणणी करणारा वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभा राहून धान्य वरून सोडतो. दाणे पायाशी पडतात, भूस वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडतं. वाऱ्याच्या वाटेत जाळी कुणी धरत नाही. प्रत्येक वस्तूचा हवेतून पडण्याचा एक कमाल वेग असतो. वजन खाली ओढतं, हवा विरोध करते, आणि दोन्ही सारखी झाली की वेग वाढायचा थांबतो. मी ढोबळ गणित केलं. कॉफीच्या दाण्यासाठी हा वेग सेकंदाला नऊ-दहा मीटर येतो. फोलपटासाठी पाऊण मीटरही नाही. एखादा पापुद्रा गच्चीवरून सोडून बघा, डुलत डुलत उतरतो.

माझ्या मशीनचं तोंड आठ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर. पाच लिटर हवा तापून फुगल्यावर आठ लिटरच्या थोडी वर जाते, म्हणजे तोंडातून ती सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने वर येते. हा वेग फोलपटाला उचलायला पुरेसा आहे, दाण्याला उचलायला अजिबात नाही. म्हणजे मशीन स्वतःच दाणे आणि फोलपट वेगळं करून देतंय! उरतं एवढंच, की ती हवा पुढे कुठेतरी फोलपटाच्या पडण्याच्या वेगापेक्षा हळू व्हायला हवी. आणि हवा हळू करायला तिला अडवावं लागत नाही, तिला मोठी जागा द्यावी लागते. चिंचोळ्या ओढ्याचं पाणी तळ्यात शिरलं की गाळ खाली बसतो, तसंच.

ते तळं मला वाण्याकडे मिळालं: पंधरा किलोचा तेलाचा रिकामा चौकोनी डबा. त्याची बाजू जवळपास तेवीस सेंटिमीटर, म्हणजे आडवं क्षेत्रफळ पाचशे चौरस सेंटिमीटरच्या वर, मशीनच्या तोंडाच्या दहापट. त्यातून तीच हवा सेकंदाला पंधरा-सोळा सेंटिमीटर वेगाने वर सरकते. पडण्याचा वेग सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असलेल्या फोलपटाला ती उचलूच शकत नाही.

डब्याचं झाकण पूर्ण कापून काढलं. एका बाजूला, मधल्या उंचीवर, आठ सेंटिमीटरचं भोक पाडलं. मशीनच्या तोंडावर पत्र्याचं वीसेक सेंटिमीटरचं नळकांडं, त्यावर एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आणि एल्बोचं तोंड डब्याच्या भोकात. आत भोकासमोर पत्र्याची एक तिरपी पट्टी लावली, म्हणजे आलेली हवा आधी खाली वळते आणि मग वर जाते. हवा चटकन वळते. फोलपट तेवढं चटकन वळत नाही, ते तळाशी जातं. डब्याच्या उघड्या तोंडावर रव्याची मोठी चाळण आहे, पण ती फक्त चुकार कण पकडते. तिचं क्षेत्रफळ मोठं असल्याने हवेला अडथळा नाममात्र होतो. डबा वेगळ्या स्टुलावर ठेवलाय, त्याचा भार मशीनवर येत नाही. मशीन मी उघडलेलं नाही आणि तुम्हीही उघडू नका. आत घरातली २३० व्होल्टची वीज खेळते.

ढोबळ आकड्यांपेक्षा डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवावा, म्हणून दोन चाचण्या सांगते. पहिली, मशीन थंड हवेवर चालवता येत असेल तर सांध्यांजवळ पेटती उदबत्ती फिरवायची. जिथे धूर बाहेर ढकलला जातो तिथे फट आहे. दुसरी आणि महत्त्वाची: त्याच वजनाचे दाणे आधी डब्याशिवाय आणि मग डबा जोडून भाजायचे, आणि पहिल्या तडतडीपर्यंतची वेळ मोजायची. डबा जोडल्यावर तडतड बरीच लवकर आली, तर समजायचं की हवा अडतेय. माझा फरक वीस सेकंदांच्या आत आहे.

पहिला डबा मात्र फसला, आणि त्याचं कारण प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. नळकांड्याची कॉलर मी पत्रेकाम करणाऱ्याकडून डब्याला झाळून घेतली होती. काम सुबक होतं. तिसऱ्या बॅचला कॉलर एका बाजूने अलगद सुटली आणि सांध्यावर चमकणारा एक थेंब ओघळला. झाळायला वापरतात ते कथील आणि शिशाचं मिश्रण १८३ अंशांनाच वितळू लागतं. निव्वळ कथील, म्हणजे आपली कल्हई, २३२ अंशांना वितळतं. आपण खेळतोय ते तापमान नेमकं या दोघांच्या मधलं आहे. शिवाय शिसं विषारी. जे खायचं-प्यायचं त्याच्या वाटेत ते नकोच. आताची कॉलर पत्रा दुमडून, रिवेट मारून बसवलीय. नवा डबा सोड्याने धुऊन, उघड्यावर एकदा रिकामाच तापवून घेतला, म्हणजे तेलाचा अंश आणि बाहेरच्या छपाईचा वास निघून गेला. प्लास्टिकचा पाइप किंवा साधी चिकटपट्टी तर लांबच ठेवा.

अनेकजण मला विचारतात, की सायक्लोन का नाही केला? डाळमिलच्या किंवा भातगिरणीच्या छपरावर उलट्या शंकूसारखं पत्र्याचं नळकांडं दिसतं, तो सायक्लोन. अमेरिकेत १८८५ साली याचं पेटंट दिलं गेलं. धूळभरली हवा कडेने आत शिरते, गोल फिरत खाली उतरते, कण भिंतीला घासत तळाशी जातात आणि स्वच्छ हवा मधल्या नळीतून वर निघते. जेम्स डायसन यांनी हेच तत्त्व घरगुती व्हॅक्यूम क्लीनरमध्ये आणलं, त्यासाठी ५१२७ नमुने केले. यंत्र देखणं आहे, मलाही मोह झाला होता. पण त्याची ताकद वेगात आहे. कणाला भिंतीकडे फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि हवेचा दाबही त्याच वर्गाने खर्च होतो. पॉपकॉर्न मशीनच्या चिमुकल्या पंख्याकडे खर्च करायला दाब नसतो. सायक्लोन बारीक धुळीसाठी. नखाएवढ्या पापुद्र्याला स्वस्थ जागा पुरते. तुमच्याकडे ढोलाचं रोस्टर, म्हणजे फिरत्या ढोलात कॉफी भाजणारं यंत्र, असेल आणि हवा ओढायला वेगळा पंखा असेल, तर सायक्लोन जरूर करा. तेव्हा खालचा डबा हवाबंद ठेवा, नाहीतर तळातून हवा शिरेल आणि जमलेलं फोलपट पुन्हा वर उचलेल.

आता आगीबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहितेय. फोलपट म्हणजे सुकून कडकडीत झालेला कागद. एकदा डबा रिकामा करताना मला एका पापुद्र्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका सरकताना दिसला. ज्वाला नव्हती, धूरही नव्हता. तो तसाच ढिगात गेला असता तर आतल्या आत धुमसत राहिला असता. म्हणून डबा प्रत्येक बॅचनंतर रिकामा करायचा, फोलपट आधी पाण्याच्या घमेल्यात टाकायचं, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात गरम गरम कधीच नाही. भाजत असताना मशीनपासून हलायचं नाही. डब्यातून धूर यायला लागला तर आधी स्विच बंद, मग चाळणीवर लोखंडी तवा पालथा. हवा तुटली की आग तुटते.

भिजलेलं फोलपट आमच्याकडे ओल्या कचऱ्याच्या खताच्या टोपलीत जातं. भाजीच्या देठांबरोबर मिसळलं की टोपलीला वास येत नाही. नुसता थर करून टाकू नका, त्याचा लगदा बसतो आणि आत हवा जात नाही.

एक गोष्ट या डब्यालाही जमत नाही. कॉफीच्या दाण्याच्या सपाट बाजूला जी चीर असते, तिच्या आत पापुद्रा दुमडून गेलेला असतो. तो भाजताना सुटत नाही, दळल्यावरच दिसतो: काळ्या पुडीत फिकट, सोनेरी कण. ते पुडीपेक्षा हलके असतात. आई ती पूड पसरट ताटलीत घेते, ताटली किंचित तिरकी धरून हळूच हलवते, कण वर आले की ओठ अगदी बारीक करून एक फुंकर मारते. पूड जागची हलत नाही. मग ती फिल्टरच्या वरच्या भांड्यात जाते, आणि दुधात जायफळ किसायला सुरुवात होते.