गरजेनुसार निवड (एनएफएल ड्राफ्ट)

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधले संघ दरवर्षी ड्राफ्टमधून महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. आपली पाळी आली की शिल्लक खेळाडूंतला सर्वांत गुणी खेळाडू बाजूला ठेवायचा आणि संघात जी जागा लंगडी पडली आहे तिथला खेळाडू घ्यायचा, या पद्धतीला गरजेनुसार निवड म्हणतात. याउलट जागा न पाहता यादीत सर्वांत वर असलेले नाव उचलणे म्हणजे ‘उपलब्धांतला सर्वोत्तम’ घेणे. या खेळातली माणसे त्याला ‘बीपीए’ (बेस्ट प्लेयर अव्हेलेबल) म्हणतात. प्रश्न बचावाच्या जागांचाही असतो. पण वाद पेटतो तो बहुतेक वेळा आक्रमणाच्या गरजेवरून: चेंडू फेकून आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक नाही, त्याला सांभाळणारे टॅकल नाहीत, चेंडू झेलणारे रिसीव्हर नाहीत.

आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या लिलावात खिशात पैसे असतील तर कोणत्याही खेळाडूवर बोली लावता येते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. एनएफएलचे ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात आणि आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पाळी पुन्हा येईपर्यंत बाकीचे ३१ संघ एकेक नाव घेऊन गेलेले असतात, म्हणून एक चुकलेली निवड पाच-पाच वर्षे डोके वर काढते. २००८ मध्ये पहिल्या फेरीतला विचाराचा वेळ १५ मिनिटांवरून १० मिनिटांवर आला. गरज आणि गुण यांतली ओढाताण या मोजक्या मिनिटांत होते असे टीव्हीवर वाटते; प्रत्यक्षात ती आधीचे कित्येक महिने चाललेली असते.

यादी आणि तिच्यावरचा दाब

प्रत्येक संघाचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, वर्षभर महाविद्यालयांचे सामने पाहत फिरतात, खेळाडूंना गुण देतात, आणि त्यातून संघाची स्वतःची क्रमवारी तयार होते. या कामाला आकड्यांची शिस्त लावण्यात डॅलस काउबॉइजचा वाटा मोठा आहे. १९६० च्या दशकात संघाचे कारभारी टेक्स श्राम आणि गिल ब्रँट यांनी स्काउटांच्या अहवालांसाठी संगणक वापरायला सुरुवात केली. ती प्रणाली बसवणारे संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी भारतातून गेलेले होते आणि त्यांना अमेरिकन फुटबॉलची ओळखही नव्हती. स्काउटांच्या शेकडो विशेषणांतून मोजता येतील असे मोजके गुण त्यांनी वेगळे काढले. क्रमवारी अशी थंड डोक्याने लागली तर ‘यादीत वर असेल तो घ्या’ हे तत्त्व पाळण्याजोगे ठरते.

पण क्रमवारी फार काळ थंड राहत नाही. क्वार्टरबॅक नसलेल्या संघाचे स्काउट क्वार्टरबॅककडे वेगळ्याच नजरेने पाहू लागतात. त्याची उंची शोभून दिसते, चुका ‘शिकवण्यासारख्या’ वाटतात, आणि फेब्रुवारीत दुसऱ्या फेरीच्या लायकीचा असलेला मुलगा एप्रिलपर्यंत पहिल्या फेरीत येऊन बसतो. गरजेनुसार निवडीचा खरा धोका इथे आहे. संघ सगळे जाणून कमी गुणांचा खेळाडू घेतो असे क्वचितच घडते. गरज आधी गुणच फुगवते, आणि मग सर्वोत्तम घेतल्याचे समाधानही पदरात टाकते.

२०११ चा ड्राफ्ट याचा ठळक दाखला आहे. एरवी मार्चमध्ये करार संपलेले अनुभवी खेळाडू बाजारात येतात आणि संघ आपल्या मोठ्या उणिवा तिथेच भरून काढतात. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या वादामुळे मार्चपासून टाळेबंदी होती, त्यामुळे ती वाट बंद झाली. क्वार्टरबॅक नसलेले संघ रिकाम्या जागेसकट ड्राफ्टला आले. टेनेसीने आठव्या पाळीला जेक लॉकर, जॅक्सनविलने दहाव्या पाळीला ब्लेन गॅबर्ट आणि मिनेसोटाने बाराव्या पाळीला ख्रिश्चन पाँडर घेतला. तिघांपैकी एकानेही आपल्या संघाकडून पाचवा हंगाम पाहिला नाही. मधल्या अकराव्या पाळीला ह्यूस्टनने बचाव फळीतला जे. जे. वॉट घेतला, पुढे २०१२, २०१४ आणि २०१५ अशा तीन वर्षी तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ह्यूस्टन त्या वर्षी बचावाची रचना बदलत होते, त्यामुळे वॉट त्यांच्या गरजेतही बसत होता. गरज आणि गुण एकाच नावावर येणे हे भाग्य असते, त्यावर धोरण उभे करता येत नाही.

बाल्टिमोर, १९९६

गुणांच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट बाल्टिमोर रेव्हन्सची आहे, आणि ती तशी सांगावी अशीच आहे. क्लीव्हलँडहून नुकताच हललेला संघ, नवे नाव, पहिला ड्राफ्ट, चौथी पाळी. मालक आर्ट मोडेल यांना रनिंग बॅक हवा होता आणि नेब्रास्काचा लॉरेन्स फिलिप्स त्यांच्या मनात होता. नव्या शहरात तिकिटे विकायची तर चेंडू घेऊन धावणारा चेहरा लागतो, हा त्यांचा विचार मूर्खपणाचा नव्हता. पण निवडीची सूत्रे हाती असलेले ऑझी न्यूसम यांच्या यादीत वर नाव होते टॅकल जोनाथन ऑग्डेनचे. डाव्या टॅकलच्या जागी टोनी जोन्स आधीच होता, म्हणजे ऑग्डेनला त्याची जागाही मोकळी नव्हती. न्यूसम यांनी तरी त्यालाच घेतले. पहिला हंगाम ऑग्डेन गार्ड म्हणून, म्हणजे टॅकलच्या शेजारच्या जागी, खेळला, मग जोन्स डेन्व्हरला गेला आणि डावी बाजू ऑग्डेनच्या ताब्यात आली. त्याच फेरीत २६ व्या पाळीला न्यूसम यांनी बचावातला लाइनबॅकर रे लुईस घेतला. दोघेही आज थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. सहाव्या पाळीला सेंट लुईसकडे गेलेल्या फिलिप्सला त्या संघाने दुसऱ्याच हंगामात काढून टाकले.

एकाच रात्री दोन्ही पद्धती

मला स्वतःला मात्र सेंट लुईस रॅम्सचा २०१४ चा ड्राफ्ट जास्त बोलका वाटतो. त्यांच्याकडे दुसरी आणि तेरावी अशा दोन पाळ्या होत्या. आधीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला होता, त्यामुळे त्याच्यापुढची भिंत मजबूत करणे ही उघड गरज होती. दुसऱ्या पाळीला त्यांनी ऑबर्नचा टॅकल ग्रेग रॉबिन्सन घेतला. त्या निवडीचे तेव्हा अनेकांनी कौतुक केले होते, हेही सांगायला हवे. तेराव्या पाळीला शिल्लक होता पिट्सबर्ग विद्यापीठाचा बचावपटू अॅरन डोनाल्ड. रॅम्सच्या बचाव फळीत ख्रिस लाँग, रॉबर्ट क्विन आणि मायकेल ब्रॉकर्स हे तिघे पहिल्याच फेरीतून आलेले खेळाडू आधीच उभे होते. चौथा घेण्याची गरज कुणालाही दाखवता आली नसती. यादीत तो वर होता, म्हणून त्याला घेतले.

रॉबिन्सनला २०१७ मध्ये सहाव्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात डेट्रॉइटला देऊन टाकण्यात आले. डोनाल्ड २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

या गोष्टीचा दुसरा धागा सिनसिनाटीतून येतो. २०२१ मध्ये बेंगल्सकडे पाचवी पाळी होती. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो आधीच्या नोव्हेंबरात कमकुवत भिंतीमागे खेळताना गुडघा मोडून बसला होता. ओरेगनचा टॅकल पेने स्यूएल शिल्लक होता, आणि शिल्लक होता बरोचा महाविद्यालयातला जोडीदार, रिसीव्हर जामार चेस. शहाण्या माणसाने टॅकल घ्यावा असे असंख्य लोक म्हणत होते. बेंगल्सनी चेस घेतला. त्याने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड मिळवून सर्वोत्तम नवोदित आक्रमणपटूचा मान घेतला आणि संघ सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोहोचला. तिथे, १३ फेब्रुवारी २०२२ रोजी, बरो सात वेळा चेंडूसकट पाडला गेला. शेवटच्या मिनिटात चौथ्या, म्हणजे अखेरच्या, प्रयत्नात एक यार्ड हवा असताना डोनाल्डने त्याला पकडून गरकन फिरवले, चेंडू कुणाच्याच हाती न लागता जमिनीवर पडला, आणि रॅम्स २३-२० ने जिंकले. बेंगल्सची निवड चुकली असे म्हणता येत नाही. चेस नसता तर ते तिथवर आले असते का, हा प्रश्न उरतोच. पण न भरलेली जागा आपोआप भरत नाही, हे त्या एका डावात जितके लख्ख दिसले तितके क्वचितच दिसते. सातव्या पाळीला डेट्रॉइटने घेतलेला स्यूएल पुढे लीगच्या उत्तम टॅकलांपैकी एक झाला.

आक्रमणाचीच गरज का

१९७८ मध्ये नियम बदलून रिसीव्हरला पाच यार्डांपुढे धक्काबुक्की करण्यावर बंदी आली, २००४ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली, आणि फेकीचा खेळ हेच जिंकण्याचे मुख्य साधन झाले. क्वार्टरबॅक चांगला नसेल तर बाकीच्या जागा कितीही भरा, संघ फार पुढे जात नाही. म्हणून ‘सर्वोत्तमच घ्या’ म्हणणारेही क्वार्टरबॅकच्या बाबतीत सूट मागतात, आणि ती रास्त आहे. त्यात पैशाचा भाग मिसळला. २०१० मध्ये पहिल्या पाळीच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरांची हमी मिळाली होती. २०११ च्या नव्या करारात नवोदितांचे वेतन बांधले गेले आणि पहिल्या पाळीच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे २.२ कोटींचा झाला. चूक स्वस्त झाल्यावर जुगार वाढणे साहजिक होते. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १४ पाळ्यांना एकही बचावपटू निवडला गेला नाही. पहिला बचावपटू, लाआतू लातू, इंडियानापोलिसने १५ व्या पाळीला घेतला.

डेट्रॉइटचे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने देतात. संघाचे प्रमुख मॅट मिलन यांच्या कारकिर्दीत त्यांनी २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतले. दोन रिसीव्हर हाताशी असताना तिसरा घेणे ही गरज कशी, असे विचारले जाते, आणि ते बरोबर आहे. ती गरजही नव्हती आणि सर्वोत्तमाची निवडही नव्हती. २००५ मध्ये त्यांनी दहाव्या पाळीला माइक विल्यम्स घेतल्यावर लगेच पुढच्या पाळीला डॅलसने डिमार्कस वेअर नेला. २००८ चा हंगाम डेट्रॉइटने सोळापैकी सोळा सामने हरून संपवला.

थरांची पद्धत

व्यवहारात जाणते संघ दोन टोकांपैकी एकही धरत नाहीत. ते खेळाडूंचे थर पाडतात. एका थरातले चार-पाच खेळाडू जवळजवळ सारखे मानले, की त्यांच्यात गरजेप्रमाणे निवडायचे. पण गरजेपायी खालच्या थरात उतरायचे नाही. वरच्या थरात हवी ती जागा नसेल तर आपली पाळी मागच्या संघाला विकून जास्तीच्या पाळ्या घ्यायच्या. ग्रीन बे पॅकर्सनी हे धोरण फार काळ सांभाळले. २००५ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून ब्रेट फार्व्ह खेळत असताना त्यांनी २४ व्या पाळीला घसरत आलेला क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स उचलला. त्याला तीन वर्षे बाकावर बसवले, आणि पुढे तो चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००२ नंतर थेट २०२५ पर्यंत त्यांनी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला नाही. तरी ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब आणि दाव्हान्ते अॅडम्स हे त्यांचे गाजलेले चारही रिसीव्हर दुसऱ्या फेरीत मिळाले. गरज खरी होती. तिची किंमत किती द्यायची हे त्यांनी ठरवलेले होते.

अटलांटाने ती किंमत चढी मोजली. फाल्कन्सनी २०२१ मध्ये चौथ्या पाळीला टाइट एंड (झेलणे आणि अडवणे दोन्ही करणारा) काइल पिट्स, २०२२ मध्ये आठव्या पाळीला रिसीव्हर ड्रेक लंडन, २०२३ मध्ये पुन्हा आठव्या पाळीला रनिंग बॅक बिजान रॉबिन्सन घेतला. २०२४ मध्ये कर्क कझिन्सशी १८ कोटी डॉलरांचा करार होऊन महिना-दीड महिनाच झाला होता, तरी आठव्याच पाळीला क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स घेतला. हे चौघे गुणी होते, रॉबिन्सन तर पाहत राहावा असा. पण पिट्सनंतर त्याच फेरीत पॅट्रिक सर्टन नवव्या आणि मायका पार्सन्स बाराव्या पाळीला गेले, आणि फाल्कन्सचा बचाव तसाच राहिला. त्या चार हंगामांत त्यांचे निकाल (विजय-पराभव) ७-१०, ७-१०, ७-१० आणि ८-९ असे लागले. २०२५ मध्ये त्यांनी १५ व्या पाळीला बचावातला जेलन वॉकर घेतला आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून २६ व्या पाळीला जेम्स पीअर्स मिळवण्यासाठी आपली दुसऱ्या फेरीची पाळी आणि २०२६ ची पहिल्या फेरीची पाळी रॅम्सना देऊन टाकली.