तेलयुद्ध आणि चर्च (सुदान)

खनिज तेलासाठी गावे उठवणाऱ्या यादवी युद्धात ख्रिस्ती मंडळ्यांनी केलेली मध्यस्थी, दिलेली साक्ष आणि तेल कंपन्यांवर आणलेला दबाव हा या नोंदीचा विषय आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण सुदानचे.

दक्षिण सुदानातले दिन्का आणि नुएर लोक गुरे राखतात, ज्वारी पिकवतात. ज्वारीचे आंबवलेले पीठ तव्यावर पातळ पसरून तिकडे ‘किसरा’ करतात. धुळ्या-जळगावच्या घरात त्याला सरळ धिरडेच म्हणतील. १९७८ मध्ये या मुलखात बेंटियूजवळ शेव्हरॉन कंपनीला तेल सापडले. १९८३ मध्ये दक्षिणेची स्वायत्तता मोडली गेली, शरियत कायदा लागू झाला आणि उत्तरेतले खार्टूमचे सरकार व दक्षिणेतले बंडखोर यांच्यात दुसरे यादवी युद्ध पेटले. पुढच्याच वर्षी तीन कामगार मारले गेले, तेव्हा शेव्हरॉनने काम थांबवले.

नव्वदच्या दशकात चीन, मलेशिया आणि कॅनडाच्या कंपन्या उतरल्या. लाल समुद्रापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरची नळवाहिनी टाकून ऑगस्ट १९९९ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली. तेलपट्टा मोकळा करण्याची रीत ठरून गेली होती. आधी सरकारच्या अँटोनोव्ह मालवाहू विमानांतून बॉम्ब पडत, मग हेलिकॉप्टरमधून गोळीबार होई, शेवटी सरकारी सैनिक आणि त्यांच्या बाजूच्या टोळ्या येऊन झोपड्या, धान्य जाळत आणि गुरे हाकून नेत. कॅनडा सरकारने नेमलेल्या हार्कर मंडळाने २००० मध्ये अहवाल दिला, त्यात हेग्लिगच्या तेलक्षेत्रातली धावपट्टी लष्करी विमाने वापरत असल्याचे नोंदले आहे.

चर्चची भूमिका इथे जुनी आहे. पहिले युद्ध थांबवणारा १९७२ चा अदिस अबाबा करार जागतिक चर्च परिषद आणि आफ्रिकेतील चर्चसंघ यांच्या मध्यस्थीने झाला. दुसऱ्या युद्धात दक्षिणेतील चर्चनी ‘न्यू सुदान कौन्सिल ऑफ चर्चेस’ उभारली. तिने १९९९ मध्ये वुनलित येथे आपसांत लढणाऱ्या दिन्का आणि नुएर वडीलधाऱ्यांना समोरासमोर बसवले. तिथे पांढरा बैल कापून शपथा झाल्या, आणि चर्चने त्या प्रथेला हरकत घेतली नाही. तह टिकण्याचे निम्मे श्रेय या शहाणपणाला द्यावे लागेल.

परदेशातील चर्चकडे दुसरे हत्यार होते, शेअरचे. ‘टॅलिस्मन’ या कॅनडाच्या कंपनीचा सुदानात तेल काढणाऱ्या कंपन्यांच्या संघात २५ टक्के वाटा होता. पेन्शन निधीतून तिचे शेअर धरून असलेल्या चर्चसंस्थांनी भागधारकांच्या सभेत मानवी हक्कांचा जाब विचारला. ब्रिटनच्या ‘ख्रिश्चन एड’ या चर्चच्या मदतसंस्थेने २००१ मध्ये जळालेल्या गावांचा अहवाल काढला. त्याच वर्षी सुदानच्या प्रेस्बिटेरियन चर्चने न्यूयॉर्कच्या न्यायालयात टॅलिस्मनवर दावा लावला. तो फेटाळला गेला. कंपनीला दोषी धरायला तिला अत्याचारांची नुसती माहिती असून भागत नाही, तसा हेतू सिद्ध व्हायला हवा, असे अपील न्यायालय २००९ मध्ये म्हणाले.

पण टॅलिस्मन त्याआधीच, २००३ मध्ये, बाहेर पडली होती आणि तिचा तो २५ टक्के वाटा ओएनजीसी विदेश या भारत सरकारच्या कंपनीने घेतला होता. ते तेल मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यातही आले. मालक बदलला, विहिरी चालूच राहिल्या. या दबावाची खरी मर्यादा ही, आणि तिचे एक टोक आपल्याकडेच आहे.

खानदेशात नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार भागांतील मावची आणि भिल्ल मंडळ्या ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’च्या कामातून वाढल्या. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना असते, त्यात दूरदेशीची युद्धेही येतात. शेअर मात्र मंडळीच्या पेटीत नसतात. तरी प्रकल्पासाठी गाव उठणे म्हणजे काय, हे नंदुरबार जिल्ह्याला सांगावे लागत नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली बुडाले. तिथेही बाहेरच्या पैशावर बोट ठेवणे उपयोगी पडले: जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालानंतर, १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. धरण थांबले नाही.

सुदानचे हे दुसरे यादवी युद्ध २००५ च्या कराराने संपले, २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. ‘पॅक्स क्रिस्ती’ या कॅथलिक शांतता चळवळीसारख्या संस्थांचा सहभाग असलेल्या युरोपीय आघाडीने २०१० मध्ये सुदानात काम केलेल्या स्वीडनच्या लुंडिन तेल कंपनीवर अहवाल काढला. त्यातून सुरू झालेल्या तपासानंतर कंपनीच्या दोन माजी वरिष्ठांवर युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याचा खटला सप्टेंबर २०२३ मध्ये स्टॉकहोममध्ये उभा राहिला. दोघांनीही आरोप नाकारले आहेत.