हीट पंप वीज कमी खातो, पण तासन्‌तास खातो

"अहो काका, हा गीझरच्या अर्धीपण वीज खात नाही, जुन्याच पॉइंटला लावून टाकू की." नाशिकला आमच्या गच्चीवर पाणी तापवायचा हीट पंप बसवायला आलेला पोरगा असं म्हणाला आणि मीपण मान डोलावली, कारण आकडा खरा होता, गीझर 2000 वॅटचा आणि हा 900 वॅटचा. जानेवारी संपताना काहीतरी कामासाठी प्लग काढायला गेलो तर निघेचना, जोर लावून ओढला तेव्हा फेजची पिन काळीठिक्कर आणि सॉकेटचं प्लास्टिक करपलेल्या भाकरीसारखं. एवढं होऊनही एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडला नव्हता, आणि खरं सांगू का, त्याची काही चूकपण नव्हती.

आधी हे यंत्र करतं काय ते थोडक्यात. गीझर विजेपासून उष्णता तयार करतो, हीट पंप तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून पाण्यात नेऊन टाकतो. फ्रीज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो ना, तेच तंत्र, फक्त आपल्याला इथं टाकलेली उष्णता हवी असते. कल्पना जुनीच आहे, लॉर्ड केल्व्हिननं 1852 मध्ये मांडली आणि ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगरनं त्याच दशकात मिठाचं पाणी आटवायला असलं यंत्र उभं केलं. आपला एसीपण हीट पंपच, एकाच दिशेनं चालणारा, आणि हॉट अँड कोल्ड वाला असेल तर दोन्ही दिशेनं.

आता हिशोब बघा. 200 लिटर पाणी 20 अंशावरून 55 वर न्यायला साधारण 8 युनिट एवढी उष्णता लागते. गीझर ही सगळी विजेतून देणार. हीट पंप एक युनिट वीज खाऊन तीन युनिट उष्णता देत असेल तर काम 2.7 युनिटात झालं, म्हणजे बिल तिसऱ्या हिश्श्यावर, पण 900 वॅटनं 2.7 युनिट खायला लागतात तीन तास! घरातला गीझर आपण पंधरा मिनिटं लावतो, बंद करतो, वायर गार होते, जॉइंट गार होतो. हा मात्र पहाटे चालू झाला की सकाळभर चालूच, आणि रात्रभर चालणाऱ्या एसीचंही तेच.

आणि तो 900 चा आकडापण अर्धवटच निघाला. यंत्राच्या अंगावरची पाटी नीट वाचली (जी मी आधी वाचायला हवी होती) तर खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ, बॅकअप हीटर 1500 वॅट. म्हणजे टाकीत एक साधा रॉडपण असतो, थंडी जास्त पडली किंवा पाणी लवकर हवं असलं की तोही सुरू होतो. नाशिकच्या जानेवारीत तो रोज लागत होता. 900 अधिक 1500, झाले 2400, म्हणजे 230 व्होल्टला साडेदहा अँपिअर, ते दोन दोन तास, आणि तेही बाथरूमच्या जुन्या पॉइंटवरून ओढलेल्या एक्स्टेंशनवर. लोड मोजताना पाटीवरचं सगळं मिळून होणारा मोठ्यात मोठा आकडा धरायचा, जाहिरातीतला नाही, आणि त्यात घरातले बाकीचे एसी-गीझर मिळवून विजेच्या बिलावरचा मंजूर भार पुरतोय का तेपण बघायचं.

जळाली ती वायर नाही, जळाला तो जॉइंट, हे समजून घ्या कारण घरातल्या बऱ्याचशा विजेच्या आगींचं मूळ इथं असतं. दोन धातू एकमेकांना चिकटलेले दिसतात पण खरे टेकतात ते थोड्याच बारीक बारीक टोकांवर. स्क्रू ढिला असला की टोकं अजून कमी. करंट गेला की जागा तापते, बंद झाला की आकसते, असं रोज होऊन स्क्रू अजून ढिला होतो, तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, अडथळा वाढतो, म्हणून अजून तापते. समजा अडथळा नुसता अर्धा ओहम झाला. 10 अँपिअरला उष्णता किती, तर करंटचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे 50 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री 25 वॅटची असते! दोन इस्त्र्या सॉकेटच्या आत हरभऱ्याएवढ्या जागेत दोन तास लावून ठेवल्यासारखं झालं. आणि एमसीबीला यातलं काही दिसत नाही, कारण करंट तर साडेदहाच आहे, त्याच्या 16 अँपिअरच्या आतच. आरसीसीबीलापण (करंट वाटेत कुठं गळला की लाईन तोडणारा स्विच) दिसत नाही, कारण कुठं गळती नाही.

मग लायसन्सवाला वायरमन बोलावला. त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे प्लगच काढून टाकला. डीबीपासून (घरातल्या एमसीबींची पेटी) थेट 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाईन, मधे एकही जॉइंट नाही, आणि यंत्राजवळ हात पोचेल असा आयसोलेटर, म्हणजे लाईन पूर्ण तोडणारा स्विच. मी म्हटलं दीडची वायर चालणार नाही का, तर गच्चीपर्यंत 30 मीटर म्हणजे जाऊन येऊन 60 मीटर, दीडच्या वायरला 10 अँपिअरवर सात व्होल्ट वाटेतच जातात, चारच्या वायरला तीनच्या आत. कंप्रेसरला सुरू होताना व्होल्टेज कमी मिळालं की त्याची मोटर धापा टाकते.

एमसीबीबद्दल एक गैरसमज. 16 चा एमसीबी 16 वर पडत नाही. 18 अँपिअरवर तो तासभर न पडता बसू शकतो, 23 च्या पुढं गेलं तर तासाभरात पडायलाच हवा. तो यंत्रासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. म्हणून "सारखा पडतो हो" म्हणून कुणी अडीचच्या वायरवर 32 चा एमसीबी बसवून देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मोटर सुरू होताना झटकन मोठा करंट ओढते म्हणून बी ऐवजी सी टाइपचा घ्यायचा, तो त्याच्यावरच्या आकड्याच्या पाच ते दहा पटीलाच तडक पडतो.

आता अर्थिंग. आपल्याकडं खड्डा, तांब्याची प्लेट, कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी, एवढं केलं की झालं असं वाटतं. धरा की खड्ड्याचा अडथळा 5 ओहम आहे. फेज यंत्राच्या पत्र्याला लागली तर अर्थिंगमधून जाणारा करंट 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर. 20 चा सी टाइप एमसीबी तडक पडायला निदान 100 लागतात, तोवर ओल्या गच्चीवरचा तो पत्रा जिवंत. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, तो एका अँपिअरच्या तेहतिसाव्या भागाएवढी गळती झाली तरी क्षणात तोडतो. टेस्टर पेटला नाही म्हणजे अर्थिंग आहे असं काही नसतं. आणि थ्री पिनमधे न्यूट्रल-अर्थ जोडून "अर्थिंग करून देणारे" लोक अजून आहेत. मागं न्यूट्रल तुटला की यंत्राच्या अख्ख्या अंगावर फेज येते.

इन्व्हर्टर मशीन (बॅटरीचा इन्व्हर्टर नाही, कंप्रेसरचा वेग कमीजास्त करणारं) असेल तर आरसीसीबी ए टाइपचा घ्या, दुकानात न विचारता मिळतो तो बहुतेक एसी टाइप, आणि त्याचा आपल्या एसीशी काही संबंध नाही, एसी म्हणजे आल्टरनेटिंग करंट. इन्व्हर्टरच्या सर्किटमधून गळती तुटक डीसी रूपात होऊ शकते, ती त्याला ओळखता येत नाही. त्याच मशीनमधे मेन बंद केल्यावरही कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास डीसी राहतं, म्हणून झाकण लगेच उघडायचं नाही, काही मिनिटं थांबायचं, पाटीवर किती ते लिहिलेलं असतं. आणि बसवणारा गॅसच्या पाईपचं लीकेज बघायला नायट्रोजन आणतोय का तेवढं बघा. ऑक्सिजनचं सिलिंडर लावत असेल तर काम तिथंच थांबवा, कंप्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो.

पावसाळ्यासाठी एक फुकटचा उपाय: केबल यंत्रात शिरण्याआधी खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत जात नाही. भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावला की पाणी आणि पाली दोन्ही बाहेर. पाल पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर, चिकटून मेली की नवीन पीसीबीचा खर्च ऐकून आपलाच जीव जातो.

जाताना वायरमन म्हणाला महिन्यानं एकदा बोलवा, स्क्रू परत आवळून देतो. मला वाटलं हा अजून एक व्हिजिट लावतोय. महिन्यानं आला, आयसोलेटर आणि डीबी बंद केले, टेस्टरनं दोनदा तपासलं आणि फेजच्या स्क्रूला पेचकस लावला. पाव फेरा फिरला.